तिसऱ्या घंटेआधी

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत गणेशोत्सवाच्या आठव्या दिवशी मुलामोठ्यांची एक एकांकिका होते. गेल्या वर्षी त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास ग्रुपवर निरोप आला. नाटकात आईचे काम करणाऱ्या वहिनींच्या सासूबाईंना दवाखान्यात हलवले होते आणि सोबत थांबायला घरात दुसरे कुणी नव्हते. निरोपाच्या शेवटी एक ओळ होती, ‘मी आले नाही तर चालेल का?’ निरोप सगळ्यांनी वाचला, पण जवळपास वीस मिनिटे कुणीच काही लिहिले नाही. मग मंडप आणि स्पीकरची व्यवस्था बघणाऱ्या एका काकांनी लिहिले, ‘शो मस्ट गो ऑन’. पुढे दंड फुगवलेल्या हाताचे चित्र.

त्या काकांना दगडाच्या काळजाचे ठरवणे सोपे आहे, मात्र ते न्याय्य नाही. अकरा मुले तीन आठवडे पार्किंगमध्ये तालीम करत होती. कपडेपट भाड्याने आणला होता, दोन घरांचे आजी-आजोबा केवळ नातवंडांचे काम बघायला गावाहून आले होते आणि पुढच्या दोन्ही संध्याकाळी दुसरे कार्यक्रम लागलेले होते. ‘उद्या करू’ म्हणायला उद्या मोकळाच नव्हता. वहिनींच्या बाजूला एक आजारी माणूस होते आणि काकांच्या बाजूला पन्नासेक माणसांची तयारी. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. अशा वेळी तयार वाक्य हाताशी असले की विचार करायचे श्रम वाचतात. म्हणून ते वाक्य मुळात कशासाठी जन्माला आले, हे बघायला हवे.

हा वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी-अमेरिकी सर्कशीतून आला, असे सर्वसाधारणपणे मानतात. झुल्यावरचा कसरतपटू खाली पडला किंवा जनावर पिंजऱ्याबाहेर आले, की रिंगमास्टर बँडला जोरात वाजवायला लावी आणि विदूषकांना रिंगणात पिटाळी. तंबूत हजारो माणसे दाटीवाटीने बसलेली असत. ती घाबरून उठली तर वाघापेक्षा चेंगराचेंगरीनेच जास्त माणसे जायची. शिवाय खेळ मोडला तर तिकिटाचे पैसे परत द्यावे लागत. म्हणजे वाक्यामागे दोन हिशेब होते, एक जिवाचा आणि एक गल्ल्याचा. ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की पडलेल्या माणसाने उठून पुन्हा झुल्यावर चढावे, असे त्या वाक्यात कुठेच नव्हते. त्याला उचलून बाहेर नेत, त्याच्या जागी दुसरा येई. खेळ चालू राही तो त्याच्यावाचून.

सर्कशीला थांबणेही ठाऊक होते. ६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात रिंगलिंग ब्रदर्सच्या तंबूला आग लागली. तंबूचे कापड पाणी लागू नये म्हणून पॅराफिन आणि गॅसोलिन लावून तयार केलेले होते, त्यामुळे ते भराभर पेटत गेले. बँडमास्टर मर्ल इव्हान्स यांनी ज्वाला दिसताच एक ठरावीक मार्च सुरू केला. ती धून म्हणजे सर्कशीतल्या माणसांसाठी धोक्याची खूण होती. सुमारे १६७ माणसे त्या दिवशी गेली. बँड वाजत राहिला खरा, पण तो खेळ मोडा आणि तंबू रिकामा करा, हे सांगण्यासाठी.

सर्कस आपल्यालाही परकी नाही. सांगली भागातल्या विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ नाटक केले तेही सांगलीतच. (नाटक आणि सर्कस यांचे पाणी एकच, हे मराठी नाट्यसंस्थांचे हिशेब बघितले की पटते.) तरीही हे इंग्रजी वाक्य आपल्याकडे रुळले ते सिनेमा-गाण्यातून. राज कपूर यांच्या ‘मेरा नाम जोकर’ने १९७० मध्ये आई गमावूनही लोकांना हसवायला उभा राहणारा विदूषक घरोघर पोहोचवला. पुढे १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये क्वीन या बँडचे याच नावाचे गाणे सिंगल म्हणून आले आणि सहा आठवड्यांत, २४ नोव्हेंबरला, ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी गेला. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या या पारशी मुलाने मरणाच्या दारात ते गायले, म्हणून वाक्याला एक करुण तेज चढले. त्याच इंग्रजीत नोएल कॉवर्ड या नाटककाराने १९५० च्या दशकात ‘पण का चालू राहावा?’ अशी खिल्ली उडवणारे गाणे लिहिले होते. ते आपल्याकडे आलेच नाही.

आपल्याकडे हा विचार त्याआधीही होता, मात्र दोन तोंडांनी. ‘आधी लगीन कोंढाण्याचे, मग रायबाचे’ हे मराठी मुलाला पाळण्यापासून ऐकू येते. कर्तव्य पुढे, घर मागे. काकांनी इंग्रजीऐवजी हे वाक्य टाकले असते तरी चालले असते. पण गंमत अशी, की त्याच गोष्टीत ठरलेले लग्न पुढे ढकललेले आहे. आमंत्रणे निघालेला एक सोहळा थांबला, तेव्हा दुसरा पार पडला. ही गोष्ट कोणत्या बाजूची साक्ष देते, हे सांगणाऱ्याच्या गरजेवर अवलंबून असते.

दुसऱ्या बाजूला सुतक आहे. घरात मृत्यू झाला की दहा दिवस सगळे थांबते. सण नाही, देवपूजा नाही, मंगलकार्य नाही. आधुनिक मनाला ही रूढी जाचक वाटते, आणि पुष्कळदा ती तशी असतेही. तरी तिचा एक उपकार आहे. दुःखात असलेल्या माणसाला ‘मी येऊ शकत नाही’ हे मागून घ्यावे लागत नाही. समाजच ते त्याच्या वतीने जाहीर करून टाकतो. मात्र शास्त्रकारांनाही व्यवहार कळत होता. लग्नाआधी नांदीश्राद्ध झालेले असेल तर नंतर आलेले सुतक त्या कार्याला आड येत नाही, कारण कार्याला प्रारंभ झालेला आहे. सुरू केलेले पुरे करा, न केलेले थांबवा. आपल्या संगीत नाटकाचा प्रारंभही नांदीनेच होतो. दोन नांदींचा अर्थ एक नाही, तरीही विधीचा हा जुना नियम रंगमंचावर आणून बघण्यासारखा आहे.

आता मराठी रंगभूमीवरचा सगळ्यात मोठा दाखला. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग होता. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्व. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला. शंभरहून अधिक वर्षे ही गोष्ट सांगितली जाते; २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटातही ती आहे. तिचा मोठेपणा नाकारण्याचे कारण नाही. ज्याला मंचावर उभे राहिल्यावरच श्वास घेता येतो, अशा कलावंतासाठी त्या रात्री घरी बसणे कदाचित अधिक असह्य झाले असते. दुःखाला काम हा काही वेळा एकच उतारा असतो, हे नट नसलेल्यांनाही ठाऊक आहे.

परंतु ही गोष्ट गौरवाने सांगताना काही बाबी मागे राहतात. बालगंधर्व तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. स्वतःची गंधर्व नाटक मंडळी त्यांनी पुढे १९१३ मध्ये काढली. त्या रात्री ते दुसऱ्यांच्या मंडळीत होते. नवे नाटक आणि डोळे लावून बसलेले प्रेक्षक समोर असताना ‘नाही’ म्हणणे त्या वयाच्या नटाला कितपत सोपे असते? शिवाय ही कथा सांगताना मुलीच्या आईचे नाव क्वचितच निघते. बापाने रंगदेवतेची सेवा केली त्या रात्री आईने काय केले, हा प्रश्न आपल्या नाट्यप्रेमाला सुचत नाही. एका माणसाच्या निश्चयावर फुले वाहताना त्या निश्चयाची किंमत आणखी कुणी मोजली, हे बघणे म्हणजे त्याचा अपमान नव्हे.

इथे मराठी भाषा इंग्रजीपेक्षा थोडी अधिक मदत करते. इंग्रजीतला ‘मस्ट’ एकच आहे. आपल्याकडे त्याची निदान तीन रूपे होतात. ‘प्रयोग करायला हवा’ असे माणूस स्वतःच्या मनाला सांगतो. ‘प्रयोग करावा लागतो’ असे तो नाइलाजाने, दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो. आणि ‘प्रयोग झालाच पाहिजे’ ही मागणी आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीपासून ‘झालाच पाहिजे’ या शब्दांना मोर्चाचा आवाज चिकटलेला आहे; ते नेहमी समोरच्याला उद्देशून असतात. बालगंधर्वांची गोष्ट आपण पहिल्या रूपात सांगतो. ग्रुपवर आलेले वाक्य तिसऱ्या रूपातले होते आणि वहिनींच्या कानी ते दुसऱ्या रूपात पोहोचले असणार. इंग्रजीचा फायदा हाच, की तिन्ही रूपे एकाच चादरीखाली झाकली जातात.

असे म्हटले तरी ‘झालाच पाहिजे’ म्हणणाऱ्यांची बाजू हलकी होत नाही. मराठी व्यावसायिक नाटकातले बॅकस्टेजचे लोक ‘नाईट’वर जगतात. सेट लावणारा, इस्त्रीवाला, प्रकाशयोजना सांभाळणारा, टेम्पोचा ड्रायव्हर, यांना प्रयोगामागे पैसे मिळतात. प्रयोग नाही, तर नाईट नाही. दारावर ‘अपरिहार्य कारणास्तव आजचा प्रयोग रद्द’ ही पाटी लागली की प्रेक्षकांना पैसे परत मिळतात, बॅकस्टेजच्या लोकांच्या बुडालेल्या संध्याकाळसाठी काउंटर नसतो. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहांना कुलपे लागली, तेव्हा ‘चालू राहणे’ ही चैन नसून चूल आहे हे सगळ्यांना दिसले. शिवाय विश्वासाचा प्रश्न आहे. कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात रविवारी दुपारी येणारा माणूस रिक्षाचे भाडे, मुलांची सोय, तिकीट, एवढे सगळे जमवून येतो. दोनदा परत जावे लागले, तर तो तिसऱ्यांदा येत नाही. प्रशांत दामले यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी षण्मुखानंद सभागृहात आपला १२,५०० वा प्रयोग केला. त्या आकड्यात कौशल्य आहेच, पण पाटी न लावण्याची शिस्तही आहे. अशा शिस्तीवरच रंगभूमी उभी राहते.

तथापि, ही शिस्त शरीरावर किती लादायची? २२ ऑक्टोबर २०१६ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना अभिनेत्री-नृत्यांगना अश्विनी एकबोटे मंचावर कोसळल्या आणि गेल्या. वय ४४. असे मरण कुणाच्या हातचे नसते आणि त्यात कुणाला दोष देण्याचेही कारण नाही. ‘रंगदेवतेच्या चरणी देह ठेवला’ या शब्दांनी अशा वेळी सहकाऱ्यांना आधार मिळतो. तो त्यांच्याकडून काढून घेणे क्रूरपणाचे होईल. पण सांत्वनाचे शब्द हळूहळू आदर्शाचे शब्द होतात. छातीत कळ येत असताना ‘एवढा अंक होऊ दे’ म्हणणारा पुढचा नट या शब्दांवरच वाढलेला असतो, आणि विंगेतला व्यवस्थापकही.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणी वाटते ती एका क्रिकेटपटूची गोष्ट. १९९९ च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकर इंग्लंडमध्ये असताना वडील, प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर, गेले. तो घरी परतला. १९ मे रोजी लेस्टरला भारत झिम्बाब्वेशी त्याच्याशिवाय खेळला आणि ३ धावांनी हरला. अंत्यसंस्कारानंतर तो पुन्हा इंग्लंडला गेला आणि २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा काढल्या. त्या शतकाच्या आठवणीने आजही डोळे ओले होतात, पण तो पुन्हा खेळायला आला, हीच गोष्ट आपण सांगतो. आधी तो घरी गेला होता, हे तितकेच महत्त्वाचे आहे. सामना रद्द झाला नाही. संघात अकरा माणसे उतरली. ते हरले, आणि तीन धावांचा तो हिशेब त्याच्या नावावर मांडण्याचे कुणाच्या मनातही आले नाही. खेळ चालू राहिला, तो सर्कशीच्या मूळ नियमाने.

नाटकाला हे इतके सोपे नाही, हे मान्य करायला हवे. क्रिकेटमध्ये बारावा गडी असतो. मराठी नाटकात बदली नट तयार ठेवणे म्हणजे आणखी एक तालीम, आणखी एक मानधन, आणि तेही कदाचित कधीच न वापरण्यासाठी. जाहिरातीत ज्याचे नाव मोठ्या टायपात छापले त्याच्या जागी दुसरा दिसला, तर प्रेक्षक पैसे परत मागतो. त्याचेही चुकत नाही, कारण त्याला विकले होते ते नावच. छोट्या निर्मात्याला बदली परवडत नाही आणि मोठ्या नटाला बदली चालत नाही. मग सर्कशीत दहा जणांच्या खांद्यावर असलेले वाक्य आपल्याकडे एकाच खांद्यावर येऊन बसते. ज्याच्या घरी दुःख, त्याच्याच माथी प्रयोग. मला ही वाक्याची खरी गफलत वाटते. ‘शो’ चालू राहिला पाहिजे, यात संस्था म्हणून सगळ्यांनी उचलायचा भार आहे. आपण त्याला संकटात सापडलेल्या एकट्या माणसाच्या चारित्र्याची परीक्षा बनवून टाकले.

म्हणून, दोन्ही बाजू तोलल्यावर पारडे थोडे एका बाजूला झुकते. तिसरी घंटा होऊन पडदा वर गेला असेल, समोर माणसे बसली असतील आणि अंगात त्राण असेल, तर प्रयोग पुरा करावा. प्रारंभानंतरचा नांदीचा तो नियम इथे योग्यच आहे. तिसऱ्या घंटेआधी मात्र निर्णय ज्याच्यावर बेतले त्याचा असावा, आणि ‘नाही’ आले तर त्यावर कुणी सुविचार पाठवू नये. व्यवस्थेने आपला भार उचलावा: मुख्य कामाला एक बदली, निदान वही घेऊन उभे राहू शकेल इतका तयार, आणि प्रयोग रद्दच झाला तर बॅकस्टेजच्या लोकांना निम्मी तरी नाईट. निर्माते म्हणतील की हे पैसे तिकिटातूनच येणार. बरोबर आहे, आणि तिकीट महागले तर प्रेक्षक घटेल ही त्यांची भीतीही पोकळ नाही. मी स्वतः तिकिटामागे थोडे जास्त देईन, पण मी महिन्यातून एकदा नाटक बघणारा पेन्शनर आहे. चौघांच्या कुटुंबाचे गणित वेगळे असते.

ज्यांच्या नावाने आमचे हे नगर आहे, त्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि प्लेगच्या दिवसांत, १९०० मध्ये, तो गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत हलवला. आश्रम बंद पडला नाही, आणि जागेचा हट्टही त्यांनी धरला नाही. चालू ठेवणे म्हणजे जसेच्या तसे चालू ठेवणे नव्हे. त्याच हिंगण्यात, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, राहून आम्हाला हे शंभर वर्षे ठाऊक असायला हवे होते. ग्रुपवरची वीस मिनिटे बघता ते नव्हते.

त्या दिवशी उत्तर दिले ते प्रॉम्प्टिंग करणाऱ्या अकरावीतल्या मुलीने. ‘काकू, तुम्ही थांबा तिकडे. मला पाठ आहे, पण वही हातात ठेवीन.’ काकांनीच मग वहिनींच्या शेजारणीकडून किल्ली आणून त्यांची साडी काढून दिली. मुलीला ती दोन विती मोठी झाली. आमच्याकडे नाट्यगृहाची घंटा नाही, आरतीचीच घंटा तीनदा वाजवतात. तिसरी झाली तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. दुसऱ्या प्रवेशात मुलीने वहीची दोन पाने एकदम उलटली आणि नाटकातल्या मुलाने स्वतःचेच वाक्य तीनदा म्हणून वेळ काढला. लोक हसले. साडेनऊला दवाखान्यातून ग्रुपवर विचारणा आली, ‘माझं ते दाराजवळचं वाक्य झालं का?’

काकांनी लिहिले, ‘झालं. जरा उशिरा.’